मॉर्फिनची गोळी तालुक्याच्या गावी का मिळू नये?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगाच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यातून अफूपासून बनवलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या देणे म्हणजे मरणाऱ्या माणसाला नशेच्या आहारी लोटणे होय, आणि अशा गोळ्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या तर उद्या त्या पानठेल्यावर विकल्या जातील, असा आक्षेप आपल्या दैनिकाच्या एका वाचकाने गेल्या आठवड्यात पत्राद्वारे घेतला आहे. पत्रलेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, ज्या भागातल्या दोन पिढ्यांची तोंडे नासवली, त्या भागातल्या माणसाने नशेच्या नावाने दचकावे हे साहजिकच आहे. परंतु मी भूलतज्ज्ञ आहे. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत माझी नोकरी झाली, आणि तिचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा वेदनाशमन व अखेरच्या आजारातील रुग्णांची देखभाल, म्हणजे ज्याला आता सर्रास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्या कामात गेला. त्या आधारावर सांगतो की, या गोळ्या खेड्यात पोहोचतील ही भीती निराधार आहे. त्या पोहोचत नाहीत हीच आमची खरी अडचण आहे.

कर्करोगाचे दुखणे दवाखान्यातल्या नेहमीच्या इंजेक्शनाने निभते, अशी पत्रलेखकाची समजूत दिसते. आमच्याकडे तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण साधारण कोणत्या वाटेने येतो ते पाहावे. आधी वर्षानुवर्षे खर्रा. मग तोंड दोन बोटांपुरतेच उघडू लागते आणि तिखट झोंबते. मग गालात आतून एक चट्टा, जो दात लागला असेल म्हणून महिनोन्महिने अंगावर काढला जातो. त्यानंतर नागपूर किंवा सेवाग्राम, क्वचित विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिथे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर परळचा फुटपाथ. शस्त्रक्रिया, शेक (किरणोपचार), केमो. आणि काहींच्या बाबतीत एवढे करूनही गाठ पुन्हा डोके वर काढते व गालाला बाहेरून भोक पडते. या अवस्थेतला ठणका कानशिलातून डोक्यात चढतो आणि रात्री वाढतो.

आर्वीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी मी गेलो तेव्हा खाट रिकामी होती आणि तो ओसरीच्या खांबाला पाठ टेकून बसला होता, कारण आडवे झाले की ठणका वाढे. गावात रोज डायक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाची इंजेक्शने घेऊन त्याच्या पोटात आग पडत होती आणि पायांवर सूज आली होती. गालावर फडके दाबून धरत तो म्हणाला, "मरनाचं मले काही नाही डॉक्टरसाहेब, पन ह्या ठनक्यानं जीव खाल्ला." त्याला मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी सुरू केली : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दोन गोळ्या, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. त्याच्या पत्नीला घड्याळ कळत नव्हते, म्हणून आमच्या परिचारिकेने एका पुठ्ठ्यावर उगवता सूर्य, भाकर, डोक्यावर आलेले ऊन, परतणारी गुरे आणि दिवा अशी पाच चित्रे काढून प्रत्येकाखाली गोळ्यांएवढे ठिपके दिले. मॉर्फिनने शौचाला हमखास खडा होतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून शौच साफ होण्यासाठी जुलाबाची गोळी सोबत द्यावीच लागते. ती लिहायला डॉक्टर विसरला तर रुग्ण आठ दिवसांत वैतागून दोन्ही बंद करतो आणि बदनाम मात्र मॉर्फिन होते. सुरुवातीचे दोन-चार दिवस गुंगी व मळमळ असते, ती ओसरते. पुढच्या खेपेस तो खाटेवर कुशीला वळून झोपलेला होता, आणि जाग आल्यावर त्याने मला पहिला प्रश्न केला तो कापसाच्या भावाचा. नशेतल्या माणसाला कापसाचा भाव सुचत नाही.

ठणक्याखेरीज दुसरी गोष्ट असते ती जखमेच्या वासाची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गालाची किंवा स्तनाची कर्करोगाची जखम उघडी पडून सडू लागली की वास अख्ख्या घरात भरतो. जेवणाची ताटे परसात जातात, शेजारच्या बायका उंबऱ्यावरूनच विचारपूस करतात, नातवंडांना आजीपाशी जाऊ दिले जात नाही, आणि रुग्णाला हे सगळे कळत असते. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. हगवणीवर देतात ती मेट्रोनिडाझोलची साधी गोळी खलात बारीक कुटून तिची पूड, मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलेल्या जखमेवर भुरभुरायची आणि वर स्वच्छ सुती कापड ठेवायचे. काही दिवसांत वास बराच उतरतो. जखमेत अळ्या पडल्या असतील तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा जखमेच्या तोंडाशी धरायचा आणि बाहेर आलेल्या अळ्या चिमट्याने एकेक करून काढायच्या. हे काम करताना मी भल्याभल्या डॉक्टरांना खोलीबाहेर जाताना पाहिले आहे. एकदा शिकवल्यावर सुना आणि लेकी मात्र ते रोज करतात.

आता व्यसनाच्या मुद्द्याकडे येतो. मॉर्फिन नियमित घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, त्यामुळे ते एकदम बंद करता येत नाही, हळूहळू उतरवावे लागते. रक्तदाबाच्या काही औषधांचेही असेच आहे. व्यसन ही निराळी बाब आहे, आणि दुखण्यापुरते, तोंडाने, ठरल्या वेळी मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णात ते क्वचितच दिसते. केरळात कोझिकोड येथे ज्या १७२३ रुग्णांना दोन वर्षांच्या काळात घरी नेण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या गेल्या, त्यांचा अभ्यास २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोळ्या दुसरीकडे वळल्याचा किंवा त्यांचा गैरवापर झाल्याचा एकही प्रसंग त्यात आढळला नाही. आमच्याकडची पद्धतही पत्रलेखकाने जाणून घ्यावी. गोळ्या दुहेरी कुलपात असतात, प्रत्येक गोळीची नोंदवहीत नोंद असते, आणि पुढचा साठा घ्यायला येताना नातेवाइकाने रिकामी पाकिटे आणायची असतात. रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत करायला आम्ही सांगत असू, आणि तेरवी आटोपल्यावर डोके भादरलेला मुलगा एस.टी.ने येऊन ते पाकीट टेबलावर ठेवून जात असे. यातून पानठेल्यावर गोळ्या कशा जातील हे मला तरी समजत नाही.

मॉर्फिन मिळत नाही याचा दोष बहुतेक जण कायद्याला देतात, आणि एके काळी ते खरे होते. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ साली आला. त्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती, आणि एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर उत्पादन शुल्क खात्यासह निरनिराळ्या कचेऱ्यांचे परवाने एकाच वेळी चालू स्थितीत असावे लागत. शेवटचा परवाना हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपे. औषध दुकानदारांनी हात आखडला, रुग्णालयांनी नाद सोडला, आणि देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ साली अवघ्या १८ किलोवर आला. हे सर्व अशा देशात, ज्याच्या मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती साठवली जाते आणि परदेशांतल्या रुग्णांच्या औषधांसाठी निर्यात होते. नीमच आम्हांला परके नाही, शेजारच्याच राज्यात आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतून या काळात डॉक्टरांच्या ज्या पिढ्या बाहेर पडल्या, त्यांनी मॉर्फिनची गोळी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती, लिहून देणे दूर राहिले. आणि तीच मंडळी पुढे आमच्या रुग्णालयांचे अधीक्षक झाली.

संसदेने २०१४ साली हा कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन ही सहा औषधे अत्यावश्यक म्हणून वेगळी काढण्यात आली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने एकदा 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मान्यता दिली की रुग्णालयाला इतर परवान्यांची गरज उरली नाही. अट मुख्यतः एवढीच, की वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर तिथे असावा आणि हिशेब चोख असावा. त्यामुळे आज कायद्याकडे बोट दाखवणे ही सबब आहे. खरी मेख बदल्यांत आहे. मी ज्या एका रुग्णालयात होतो तिथे मान्यता मिळाली, गोळ्या आल्या, रुग्ण येऊ लागले, आणि प्रशिक्षित डॉक्टरची बदली होताच नव्या माणसाने कपाटाला हात लावण्याचे नाकारले. गोळ्या मुदत संपेपर्यंत कुलपात राहिल्या. त्या नव्या डॉक्टरला मी दोष देत नाही. ज्या औषधाविषयी त्याला कोणी काही शिकवलेच नाही, त्याच्या नोंदवहीवर त्याने सही का करावी?

वेदनेचे शास्त्र आमच्या भूलतज्ज्ञांच्या वर्गाकडे बऱ्याच अंशी आले ते सहज म्हणून नव्हे. मॉर्फिन रोज हाताळणारे आम्हीच, मात्र आमचे काम शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी संपते असे आम्हांला शिकवलेले असते. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील भूलशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी हे दार ओलांडले, १९९३ साली सहकाऱ्यांबरोबर तिथे वेदनाशमनाची संस्था उभी केली आणि पुढे कायदा बदलण्यासाठीही वर्षानुवर्षे खपले. कोझिकोडला मी काही आठवडे शिकायला होतो. तिथे मी औषधांपेक्षा अधिक शिकलो ते रुग्णाजवळ बसून ऐकायला. लंडनमध्ये १९६७ साली अखेरच्या आजारातील रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या होत्या. शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरची चिंता आणि श्रद्धेचे प्रश्न मिळून रुग्णाची एकूण वेदना होते, अशी त्यांची मांडणी होती. आमच्याकडे त्या एकूण वेदनेत पीककर्जही धरावे लागते. दारव्हा तालुक्यातील एका रुग्णाचा डोस वाढवत नेला तरी रात्रीची तळमळ कमी होईना. आमच्या समाजसेवकाने खोदून विचारले तेव्हा कळले की सोसायटीच्या कर्जाला त्याचा साळा जामीनदार होता, आणि आपल्यामागे त्याच्यावर जप्ती येईल या धास्तीने हा डोळा मिटत नव्हता. गटसचिवांना घरी बोलावले, त्यांनी वही उघडून थकबाकी किती, व्याज किती आणि जामीनदाराची जबाबदारी कुठवर, ते त्याला व साळ्याला समोरासमोर समजावले. त्यानंतर गोळी वाढवावी लागली नाही. गटसचिवांनी अर्थातच कर्ज माफ केले नव्हते.

मोठ्या रुग्णालयांशी माझे भांडण आहे ते एका वाक्यावरून. उपचार थकले की नातेवाइकांना व्हरांड्यात बाजूला घेऊन "आता घरी न्या आणि सेवा करा" असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचे निदान चूक नसते आणि मनात वाईटही नसते. त्याच्यासमोर आणखी शंभर रुग्ण उभे असतात. पण सेवा करायची म्हणजे काय करायचे? नाकातल्या नळीतून पातळ वरणाचे पाणी किती आणि कसे द्यायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, रात्री बारा वाजता श्वास लागला तर कोणाला फोन करायचा, शेवटच्या दिवसांत घशात घरघर सुरू झाली तर ती रुग्णाला तितकीशी जाचत नाही आणि मान एका कुशीला केल्याने व एका साध्या इंजेक्शनाने ती कमी होते, यातले एक अक्षरही डिस्चार्ज कार्डावर नसते. घरी येऊन पोहोचलेले ते कुटुंब चार दिवसांत घाबरून जाते आणि पुन्हा गाडी ठरवून रुग्णाला शहरातल्या खासगी अतिदक्षता विभागात नेते. तिथे होणाऱ्या खर्चात एक एकर वावर सहज जाते. मी अशी वावरे जाताना पाहिली आहेत, आणि त्या बदल्यात रुग्णाला मिळाले ते काचेपलीकडून दिसणारे नातेवाईक.

आणखी एक रीत आहे ती सोडायला हवी. मुलगा डॉक्टरला दाराशीच गाठून सांगतो, "बाबाले काही सांगजा नोका, हाय खातीन." आत गेलो की तेच बाबा हळूच विचारतात, "पोराईले काही बोलले नाही ना तुमी?" दोघेही एकमेकांना जपत असतात आणि त्यात बोलायचे राहून जाते. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच विचारावे, आणि तो विचारील तेवढे खरे सांगावे, एवढाच माझा प्रघात होता. हाय खाऊन कोणी गेल्याचे मला आठवत नाही.

इथे दयामरणाचा विषय निघतो म्हणून थोडे स्पष्ट करतो. योग्य मात्रेतले मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. प्राण घेणारे इंजेक्शन देणे हा या देशात गुन्हा आहे आणि पॅलिएटिव्ह केअरचा त्याच्याशी संबंध नाही. पवनारला १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवून देह ठेवला, ती एका साधकाची वाट होती, तीही मी कोणाला सुचवत नाही. मी म्हणतो ते याहून पुष्कळ साधे आहे. ज्या यंत्रांनी बरे होण्याची आशा नाही, केवळ मरण लांबते, ती नाकारण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला आहे. आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्यासाठी त्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच ती अट सैल केली, आणि आता दोन साक्षीदारांसमोर केलेला व नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेला कागद पुरतो. त्याची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवण्याची तरतूद आहे. आमच्या किती ग्रामसेवकांना हे ठाऊक आहे, हे पत्रलेखकाने आपल्या गावात विचारून पाहावे.

केरळचे उदाहरण दिले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात : एक तर डोळे दिपणे, नाहीतर "तिकडचे वेगळे". दोन्ही आळशी आहेत. मलप्पुरम जिल्ह्यात १९९९ पासून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघरच्या रुग्णांची जबाबदारी उचलली, २००८ साली राज्याने या कामाचे धोरणच जाहीर केले, आणि आज तिथल्या पंचायती परिचारिकेचा व गाडीचा खर्च उचलतात. तिथे एका गावाला लागून दुसरे गाव आहे. आमच्याकडे झरी-जामणीच्या कोलाम पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, दवाखाना गाठायचा तर अर्धा दिवस जातो आणि संध्याकाळनंतर एस.टी. नाही, हे खरे आहे. म्हणूनच गोळी व परिचारिका तालुक्यापर्यंत तरी यायला हवी. आणि माणसांची तर आमच्याकडे वाण नाही. गावोगावी आशाताई आहेत, बचत गट आहेत, श्रीगुरुदेव सेवा मंडळे आहेत. मरणाच्या दिवशी जे लोक न बोलावता बांबू आणि गोवऱ्या घेऊन धावतात, ते दोन महिने आधी कूस बदलायला येणार नाहीत असे मला वाटत नाही. त्यांना कोणी शिकवले नाही इतकेच. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत वृद्धांच्या व पॅलिएटिव्ह सेवेचा समावेश आहे, भिंतीवर तसे रंगवलेलेही असते.

तेव्हा जिल्हा नियोजन समित्यांकडे आणि आरोग्य विभागाकडे मागणी आहे ती नव्या इमारतीची नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाने औषध नियंत्रकाकडून मान्यता घ्यावी आणि तिथले दोन डॉक्टर प्रशिक्षित असावेत, म्हणजे एकाच्या बदलीने कपाट बंद पडणार नाही. घरोघरी जाणारी एक परिचारिका आणि तिच्यासाठी आठवड्यातले काही दिवस तरी गाडी असावी. आणि नागपूर-वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयांनी घरी पाठवताना रुग्णाच्या हातात पहिल्या पंधरवड्याच्या गोळ्या व तालुक्याच्या डॉक्टरच्या नावे चिठ्ठी द्यावी. यात सर्वांत स्वस्त वस्तू मॉर्फिन हीच आहे.

तोवर ज्यांच्या घरी असा रुग्ण आज आहे, त्यांनी बायोप्सीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि रुग्णाचे आधार कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमन अथवा पॅलिएटिव्ह विभाग कुठे आहे ते थेट विचारावे, आणि तो सापडला नाही तर भूलशास्त्र विभागात जावे. पहिल्या वेळी रुग्णाला दाखवावे लागेल. नंतरच्या गोळ्या न्यायला आमच्याकडे घरचे माणूस आलेले चालत असे. मॉर्फिनसोबत शौच साफ होण्यासाठी द्यायच्या जुलाबाच्या गोळीची आठवण डॉक्टरला आपणहून करावी.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ,
ता. आर्वी, जि. वर्धा